पीओचं 'नाही' टिकतं का? वरच्या मंडळींना एक खुलं पत्र

सीईओ, सेल्स हेड, फायनान्स, पीएमओ (प्रोजेक्ट्सवर देखरेख करणारं ऑफिस) आणि ज्यांच्या एका मेलने आमचा अख्खा स्प्रिंट (ठरवून घेतलेला कामाचा छोटा टप्पा) इकडचा तिकडे होतो अशा सगळ्या साहेब-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

आधी एक प्रश्न विचारते. गेल्या क्वार्टरमध्ये तुमच्या प्रॉडक्ट ओनरने (पीओ, म्हणजे प्रॉडक्टमध्ये आधी काय बांधायचं हे ठरवणारा) कुणालातरी 'हे आत्ता होणार नाही' असं सांगितलं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, असं एकतरी उदाहरण आठवतंय का? म्हणजे एखादा वजनदार डिपार्टमेंट हेड किंवा मोठ्या क्लायंटचा माणूस, त्याला पीओने नाही म्हटलं, तो तणतणत तुमच्याकडे आला आणि तुम्ही त्याला 'त्याच्याशीच बोल, निर्णय त्याचा आहे' म्हणून परत पाठवलं, असं? आठवत असेल तर हे पत्र तुमच्यासाठी नाही, खुशाल बंद करा. आठवत नसेल तर वाचा, थोडं लांब आहे.

मी स्क्रम मास्टर आहे, म्हणजे टीमला स्क्रम ही कामाची पद्धत नीट वापरायला मदत करणारी, पीओ नाही, तेव्हा हे स्वतःच्या खुर्चीसाठीचं रडगाणं नाही. बऱ्याच पीओंच्या शेजारी बसून काम केलंय. काही खरंच हुशार होते, काही यथातथाच, पण गंमत म्हणजे हुशार होते तेही फेल गेले आणि जवळपास त्याच कारणांनी गेले. आणि दरवेळी वरून निष्कर्ष एकच, पीओ कमी पडला, बदला त्याला. मग नवीन माणूस, दोन दिवसांचा सर्टिफिकेशन कोर्स, नवीन उत्साह, आणि काही महिन्यांनी परत तीच रड. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

स्क्रमचे नियम सांगणारं स्क्रम गाइड तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय मला माहीत नाही. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी 2010 मध्ये पहिल्यांदा काढलं, आत्ता चालू आहे ती आवृत्ती नोव्हेंबर 2020 ची, फुकट मिळतं आणि जेमतेम 13-14 पानांचं आहे, एका मीटिंगला उशीर झाला तर तेवढ्या वेळात वाचून होईल. त्यात पीओबद्दल जे लिहिलंय ते अगदी साधं आहे. पीओ ही एक व्यक्ती असते, कमिटी नाही. ज्याला बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, बदल हवाय त्याने पीओला पटवून द्यावं. आणि पीओ यशस्वी व्हायचा असेल तर अख्ख्या संस्थेने त्याच्या निर्णयांचा मान राखला पाहिजे. हे शेवटचं वाक्य बघा, ते टीमला उद्देशून नाहीये, पीओलाही नाही. ते तुम्हाला उद्देशून आहे! टीमने रोज पंधरा मिनिटं उभं राहायचं, बोर्ड अपडेट करायचा, कामाच्या आकाराचे पॉइंट द्यायचे, हे सगळं तुम्ही ट्रेनर बोलावून आमच्याकडून करून घेतलंत (उभं राहायचं असं तर गाइडमध्ये कुठं लिहिलेलंही नाही, असो), आणि तुमच्या वाट्याचं जे एक वाक्य होतं तेवढं मात्र राहून गेलं.

घोडं नेमकं इथंच पेंड खातंय.

सेल्सपासून सुरुवात करते कारण रोजचा त्रास तिथूनच सुरू होतो. क्लायंटसोबत मीटिंग छान रंगते, तो म्हणतो अमुक पण हवं होतं, आणि आपला माणूस तिथल्या तिथे सांगून मोकळा, हो देऊ की, पुढच्या रिलीजला. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मग काँट्रॅक्टमध्ये तारीख पडते, मग पीओला फॉरवर्ड केलेला मेल येतो, वर फक्त 'एफवायआय', आणि खाली लांबलचक चर्चा वाचत त्या बिचाऱ्याने शोधायचं की आपल्या नावाने नक्की काय कबूल झालंय. आता तुम्ही म्हणाल धंदा आहे, क्लायंट हातचा घालवायचा का. अजिबात नको. पण कबूल करायच्या आधी पीओला एक फोन केला असता तर त्याने विचारलं असतं की क्लायंटची अडचण काय आहे, आणि कदाचित आहे त्याच रिपोर्टमध्ये एक फिल्टर टाकून काम भागलं असतं, पूर्ण नवीन मॉड्यूल द्यायचं कबूल करायची गरजच नव्हती. हे मी कल्पनेने सांगत नाहीये, अशी मॉड्यूल्स बांधून झाल्यावर कुणी उघडलीसुद्धा नाहीत हे मी बघितलंय.

आणि यात नुकसान फक्त त्या एका फीचरचं होत नाही, जास्त नुकसान नंतर होतं. पीओने नाही म्हटलं, समोरचा वर गेला, तासाभरात वरून फोन आला आणि नाहीचं हो झालं. असली गोष्ट ऑफिसात लपून राहत नाही. त्या दिवसापासून कुणी पीओला पटवायच्या भानगडीत पडत नाही, आकडे दाखवत नाही, युजरला काय त्रास होतोय ते सांगत बसत नाही, कारण त्याहून सोपा रस्ता सापडलेला असतो. आणि पीओ पण काही मूर्ख नसतो, तोही शिकतो. काय शिकतो? की नाही म्हणून उपयोग नाही, उगाच वाईटपणा येतो. मग तो होयबा होतो, येईल ते बॅकलॉगमध्ये घेतो, सगळ्यालाच हाय प्रायॉरिटी लावतो आणि सगळ्यांशी गोड राहतो. बॅकलॉगमध्ये शेकडो तिकिटं साठतात, त्यातली निम्मी कुणी आणि का टाकली हेच कुणाला आठवत नाही, आणि मग क्वार्टर संपताना तुम्हीच विचारता की एवढी माणसं कामाला असून एकही गोष्ट धड पूर्ण का होत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय होणार.

काही साहेब तर पीओलाही मध्ये घेत नाहीत, थेट डेव्हलपरला पिंग करतात, 'अरे एक छोटंसं बटण फक्त'. डेव्हलपर काय नाही म्हणणार का तुम्हाला? त्याला वाटतं आपलं नाव झालं, तो बिचारा रात्री बसून करतो, मग ते बटण टेस्ट कुणी करायचं, सपोर्टला कुणी सांगायचं, आणि स्प्रिंट गोल का हुकला याचं उत्तर कुणी द्यायचं, पीओने. ज्याला बटणाचा पत्ताच नव्हता त्याने.

यावर उपाय म्हणून बऱ्याच ठिकाणी स्टीअरिंग कमिटी बसवतात. दर महिन्याला सात-आठ हेड एकत्र येतात, प्रत्येकजण आपापली दोन कामं पुढे रेटतो, घासाघीस होते, आणि निघालेली यादी पीओच्या हातात देतात, घे, याच्या स्टोऱ्या (टीमसाठी कामाची छोटी वर्णनं) लिही. म्हणजे निर्णय कमिटीचा, टायपिंग पीओचं, आणि प्रॉडक्ट चाललं नाही तर जबाबदारी परत पीओचीच. शिवाय अशा यादीला काही दिशाच नसते, ती कुणाला किती राग येईल या हिशोबाने बनलेली असते. 2020 च्या गाइडमध्ये प्रॉडक्ट गोल म्हणून एक गोष्ट मुद्दाम आणली, की टीमसमोर एका वेळी एकच लांबचं उद्दिष्ट असावं आणि बॅकलॉग त्याच्यासाठी असावा. आठ जणांची वाटणी करून निघालेल्या यादीतून असं उद्दिष्ट कुणी काढून दाखवावं.

आता युजरबद्दल. पीओला युजरला भेटता येत नाही, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही पण खरंय. मध्ये अकाउंट मॅनेजर असतो, त्याला भीती की पीओ काहीतरी भलतंच बोलून जाईल, त्याच्यापुढे क्लायंटकडचा कोऑर्डिनेटर, त्याच्यापुढे त्यांचा मॅनेजर, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी तो माणूस जो रोज आपला स्क्रीन वापरतो आणि शिव्या घालतो. एवढ्या तोंडांतून फिरून आलेलं रिक्वायरमेंट वाचून पीओ ठरवणार की जास्त महत्त्वाचं काय! सर्व्हिस कंपन्यांमध्ये तर प्रॉक्सी पीओ नावाचा प्रकार असतो, खरा पीओ क्लायंटकडे, त्याला वेळ नाही, म्हणून इकडे एक डमी. टीमने काहीही विचारलं की हा म्हणतो, विचारून सांगतो. टाइमझोनमुळे उत्तर दुसऱ्या दिवशी, ते अर्धवट, परत प्रश्न, परत एक दिवस. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये असे तीन प्रश्न निघाले की किती उरलं ते तुम्हीच बघा. त्याला नुसतं निरोप्या करून ठेवलाय आणि अपेक्षा मात्र प्रॉडक्ट घडवण्याची.

फायनान्सवाल्यांनो, आता तुमच्याकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे कारण पैशाचा मुद्दा स्क्रमवाले लोक टाळतात, आम्हाला त्यातलं कळत नाही म्हणून.

वर्षाचं बजेट तुम्ही प्रोजेक्टला देता आणि प्रोजेक्टला पैसे मिळवायचे तर बिझनेस केस लागते, आणि बिझनेस केसमध्ये लिहावं लागतं की काय काय बांधणार, कधी देणार, त्यातून किती पैसे येणार किंवा वाचणार. म्हणजे कामाबद्दल सगळ्यात कमी माहिती असते त्या दिवशी सगळा स्कोप ठरून जातो, सह्या होतात. मग पीओ येतो. त्याला सांगतात तू प्रायॉरिटी ठरव. कशाची ठरवू? यादीतलं सगळंच द्यायचंय, तारीखही ठरलीये, मग आधी अ बांधायचं का आधी ब एवढंच उरतं. चार महिन्यांनी युजरने वापरून बघितल्यावर कळलं की अर्धी यादी निरुपयोगी आहे, आणि पीओने तसं म्हटलं, तर त्याला उत्तर मिळतं की अप्रूव्ह झालेला स्कोप कमी केला तर पैसे परत जातील, पुढच्या वर्षी मिळणार नाहीत. मग काय, बांधा निरुपयोगी. वर्ष संपायच्या आत.

त्यात कॅपेक्स-ऑपेक्सचं, म्हणजे पैसे मालमत्तेत धरायचे की त्याच वर्षीच्या खर्चात, याचं वेगळंच. हिशोबाचे नियम मला मान्य आहेत. आयएएस 38 या आंतरराष्ट्रीय हिशोबाच्या नियमात संशोधनाच्या टप्प्याचा खर्च थेट खर्चात जातो आणि डेव्हलपमेंटचा खर्च काही अटी पूर्ण झाल्या तर मालमत्ता म्हणून दाखवता येतो, ठीक आहे, त्यामागे कारण आहे. पण त्याचा खाली काय परिणाम होतो ते कुणी बघितलंय का? युजरशी बोलणं, दोन-तीन पर्याय करून बघणं, हे सगळं संशोधनात, म्हणजे त्या वर्षीच्या नफ्यातून वजा. जुना कोड साफ करणं, सिस्टिम फास्ट करणं, तेही बहुतेक वेळा मेंटेनन्समध्ये, परत नफ्यातून वजा. नवीन फीचर मात्र मालमत्ता. मग मॅनेजरला टार्गेट असतं की टीमचा जास्तीत जास्त वेळ कॅपिटलाइज झाला (मालमत्तेत धरला गेला) पाहिजे आणि टाइमशीटमध्ये तसे कोड टाकायचे. आता पीओने ठरवलं की या स्प्रिंटला नवीन काही नको, लॉगिनला लागणारा वेळ आधी कमी करू कारण लोक तिथूनच पळून जातायत, तर तो निर्णय प्रॉडक्टसाठी बरोबर असला तरी टार्गेटसाठी चुकीचा आहे. त्याला कुणी उघडपणे नको म्हणत नाही, नुसतं 'हे पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. ज्या गोष्टीला आम्ही प्रायॉरिटी म्हणतो ती आमच्याकडे टाइमशीटच्या कोडवरून ठरते हे पीओला सहसा कुणी सांगतही नाही, त्याला वाटत राहतं आपणच नीट मांडलं नाही.

स्क्रमची मुळं जिथे सापडतात तो 1986 चा टाकेउची आणि नोनाका यांचा लेख, त्यात होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांच्या टीम्स नवीन वस्तू कशा बनवत होत्या ते लिहिलंय, आणि त्यात एक अधिकारी म्हणतो की आम्ही वरचे लोक थैली उघडतो आणि तोंड बंद ठेवतो. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. तोंड उघडं आणि थैलीला गाठी.

टीम कशा पाडल्यात तेही बघा जरा. एक टीम डेटाबेसची, एक एपीआयची, एक मोबाइलची, एक रिपोर्टिंगची, आणि प्रत्येकीला एक पीओ. आता डेटाबेस लेयरचा पीओ नक्की कुठल्या युजरचा विचार करणार? युजरला दिसेल असं काहीही करायचं म्हटलं की चारही टीम लागतात, चार बॅकलॉग, चार प्रायॉरिट्या, चौघंही आपापल्या जागी बरोबर, आणि फीचर तीन टीममध्ये तयार होऊन चौथीची वाट बघत पडलेलं. मेल्विन कॉनवेने 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत लोक एकमेकांशी जसे बोलतात तशाच आकाराची सिस्टिम ते बनवतात. तुम्ही ऑर्ग चार्टमध्ये भिंती घातल्या की त्या सॉफ्टवेअरमध्ये येणारच, आणि पीओने त्या रिफाइनमेंट मीटिंगमध्ये (बॅकलॉगमधली कामं नीट मांडायची मीटिंग) पाडायच्या अशी तुमची अपेक्षा असते. रिलीजही वेगळ्या खात्याकडे, त्यांचा फ्रीझ (बदल बंद ठेवायचा काळ), त्यांचं कॅलेंडर. काम झालेलं असतं पण युजरकडे कधी पोचणार हे पीओच्या हातातच नसतं.

याउलट काही ठिकाणी एकाच माणसाला तीन प्रॉडक्ट. वर सपोर्टची एस्कलेशन्स, वर ऑडिटची डॉक्युमेंट्स, वर 'तूच स्क्रम मास्टरचं पण बघ ना'. यावर जास्त लिहीत नाही, दिवसाला किती तास असतात हे सगळ्यांना माहीत आहे.

मोजता काय तुम्ही? व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम पूर्ण झालं ते. दोन टीमची व्हेलॉसिटी शेजारी शेजारी स्लाइडवर लावून विचारता हे कमी का. स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी दोन्ही शब्द 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये नाहीतच, शोधून बघा. ॲजाइल मॅनिफेस्टोवर (स्क्रमसारख्या पद्धतींमागच्या तत्त्वांचा जाहीरनामा) सह्या करणाऱ्या 17 जणांपैकी एक, रॉन जेफ्रीज, त्यांनी तर लिहिलंय की स्टोरी पॉइंट बहुधा मीच काढले आणि काढले असतील तर आता त्याचं वाईट वाटतं. तरी पीओच्या अप्रेझलमध्ये तेच. किती पॉइंट झाले, किती टक्के वेळेवर. फीचर बाहेर पडल्यावर कुणी वापरलं का, सपोर्टचे कॉल कमी झाले का, हे विचारायला कुणी नाही. माझं सोडा, तुम्हीच पीओच्या जागी असता तर काय केलं असतं? सोपी, भरपूर पॉइंटची कामं वर घेतली असती आणि अवघड पण गरजेचं ते खाली ढकललं असतं, आणि अप्रेझल छान झालं असतं.

स्प्रिंट रिव्ह्यूला, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम बघायच्या मीटिंगला, ज्यांना निर्णय घ्यायचाय ते येत नाहीत. ज्युनिअरला पाठवतात, तो टाळ्या वाजवतो, 'लुक्स गुड' म्हणतो, आणि चार दिवसांनी मोठ्या साहेबांचा मेल, हे असं नव्हतं सांगितलं. अहो एक महिन्याच्या स्प्रिंटला सुद्धा रिव्ह्यू जास्तीत जास्त चार तासांचा, आपला स्प्रिंट तर दोन आठवड्यांचा, म्हणजे तेवढाही वेळ लागत नाही. तिथे येऊन पीओसमोर भांडा, आरडाओरडा करा, चालेल, पण तिथे करा. ती मीटिंग त्यासाठीच आहे, डेमो दाखवायला नाही.

स्प्रिंट रद्द करायचा अधिकार स्क्रममध्ये फक्त पीओला आहे, गोलच निरर्थक झाला तर. तुमच्या कंपनीत पीओने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं काय होईल याचा एकदा प्रामाणिकपणे विचार करा.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग काय पीओला राजा करायचं का, कंपनी आम्ही चालवतो. नाही हो. कायद्याने ठरलेली तारीख असेल, काँट्रॅक्टमधला दंड असेल, पैसेच संपत आले असतील, तर ते सांगायलाच हवं, आणि सरळ सांगा. फक्त अडचण सांगा, उत्तर नका सांगू. 'अमुक तारखेच्या आत नवा नियम पाळला गेला पाहिजे' हे तुमचं काम. 'त्यासाठी डाव्या बाजूला ड्रॉपडाउन टाका' हे तुमचं काम नाही.

आणि पीओचं नाही उलटवायचंच असेल तर उलटवा, शेवटी अधिकार तुमच्याकडे आहेच. पण मागच्या दाराने नको. पीओसमोर बसून, लिहून द्या की हे आत घ्यायचं, आणि त्याच मेलमध्ये लिहा की त्याच्या बदल्यात काय बाहेर काढायचं. दुसरं वाक्य लिहिल्याशिवाय पहिलं चालणार नाही एवढा एकच नियम करा. सेल्सला सांगा की पीओशी बोलल्याशिवाय तारीख द्यायची नाही, दिली तर त्यांच्या इन्सेंटिव्हवर परिणाम होईल असं काहीतरी ठेवा, नाहीतर ती नुसती सूचनाच राहील. पीओला आठवड्यातून एकदा तरी खऱ्या युजरशी बोलू द्या, मध्ये कुणी न बसता, अकाउंट मॅनेजरला फार भीती वाटत असेल तर त्याने म्यूटवर ऐकावं. स्कोपची यादी अप्रूव्ह करण्याऐवजी एक टीम वर्षभरासाठी फंड करून बघा आणि दर क्वार्टरला विचारा की युजरचं काय बदललं. सगळीकडे नको, एका प्रॉडक्टपुरतं करा, फायनान्सला पण घाम फुटणार नाही. आणि अप्रेझलच्या फॉर्ममधून व्हेलॉसिटी काढून टाका, ते तर उद्या सकाळी होण्यासारखं आहे, त्याला कुठल्या कमिटीची गरज नाही.

पीओ नेमतानाही बघा जरा. जो रिकामा आहे तो, किंवा ज्याचा प्रोजेक्ट संपला तो, असं नको. ज्याने नाही म्हटलं तर तुम्ही स्वतः ऐकून घ्याल असा माणूस नेमा. असा माणूस महाग पडतो आणि कामातून सुटायला वेळ लागतो, माहितीये मला.

पुढच्या क्वार्टरचं प्लॅनिंग सुरू व्हायच्या आत याच्यावर काहीतरी बोला, निदान सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तरी आपापल्या पीओला विचारून घ्या. एकट्याला विचारा, मीटिंगमध्ये विचारलंत तर तो होच म्हणेल.

कळावे,
एक स्क्रम मास्टर

ता. क. ज्यांच्याकडे सेफ (मोठ्या कंपन्यांत अनेक टीम एकत्र चालवायची पद्धत) आहे ते म्हणतील की आमच्याकडे हा प्रश्नच नाही, प्रॉडक्ट मॅनेजर वरचा बॅकलॉग बघतो आणि पीओ टीमचा बघतो, सगळं वाटून दिलेलं आहे. मग त्या पीओला प्रॉडक्ट मॅनेजरने ठरवलेल्या फीचरला नाही म्हणता येतं का, की पीआय प्लॅनिंगमध्ये (सगळ्या टीमचं पुढच्या काही स्प्रिंटचं एकत्र नियोजन) दोन दिवस बसून ठरलेल्या गोष्टींची तिकिटं करण्यापुरताच तो आहे, एवढं बघा. नाही म्हणता येत नसेल तर प्रश्न सुटलेला नाही, एक पायरी वर सरकलाय, आणि मग हे सगळं पत्र त्या प्रॉडक्ट मॅनेजरचं नाव घालून परत एकदा वाचा.